फुंकणीमास्तरांचा साडू

त्यांना सगळे फुंकणीमास्तर म्हणत. तोंडावर नुसतं 'मास्तर', आणि पाठ वळली की पूर्ण नाव. हवेतली धूळ आणि माणसाची छाती यांचं संशोधन करणाऱ्या एका संस्थेत ते कामाला होते आणि त्यांचं काम एकच होतं, लोकांना फुंकायला लावणं. माणूस खुर्चीत ताठ बसवायचा, नाकाला चिमटा लावायचा, पुठ्ठ्याची नळी तोंडात द्यायची, छाती भरून श्वास घ्यायला सांगायचा आणि मग ओरडायचं.

"फुंका! फुंका, फुंका, फुंका! थांबू नका, अजून आहे आत, मला दिसतंय अजून आहे. काढा, काढा, काढा... बास!"

नळीच्या दुसऱ्या टोकाला यंत्र असे आणि यंत्राच्या पडद्यावर त्या श्वासाची रेघ उमटे. पहिल्या झटक्यात किती हवा बाहेर आली, एकूण किती आली, शेवटी शेवटी कशी रेंगाळली, सगळं त्या रेघेत दिसे. बाहेरच्या बाकावर बसलेल्या नवख्या माणसाला मात्र वाटे, की आत कुणाची तरी प्रसूती चालली आहे.

मास्तर स्वतः काटकुळे. त्यांची छाती म्हणजे शर्ट अडकवायची खुंटी. पण दुसऱ्याच्या छातीतून हवा काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. लाजणाऱ्या बायका, चिडके म्हातारे, 'लवकर आटपा' म्हणणारे व्यापारी, सगळे त्यांच्यापुढे शेवटच्या थेंबापर्यंत फुंकत. कुणी चुकारपणा केला, की ते रेघेकडे बघून म्हणत, "नाही चाललं. परत." नवीन लागलेल्या मुलींना ते शिकवत, "खोटं फुंकणारा ओळखायला सोपा. तीनदा फुंकायला लावा. खरं तिन्ही वेळा सारखं येतं. खोटं दर वेळी निराळं येतं, कारण मागच्या वेळी किती खोटं बोललो ते माणसाला आठवत नाही." मुली हे लक्षात ठेवत. संस्थेत मास्तरांनी बाद केलेला श्वास बाद, त्यावर अपील नाही.

आता स्वभावाचं सांगायचं तर मास्तर वाईट नव्हते. कुणाचं वाईट व्हावं असं त्यांच्या मनात कधी येत नसे. फक्त कुणाचं चांगलं झालेलं त्यांना बघवत नसे. शेजाऱ्याला बढती मिळाली की त्यांना अपचन होई. हिशेबनिसाचं टेबल खिडकीपाशी हललं, तेव्हा ते आठवडाभर सर्दीची गोळी घेत होते. बायको म्हणे, "तुमचं पोट का दुखतंय ते विचारायला मला डॉक्टर लागत नाही. शेजारी काय घडलंय तेवढं विचारून येते."

पण ही सगळी चिल्लर. मास्तरांच्या आयुष्यातला ठोक हेवा एकाच माणसासाठी राखलेला होता, तो म्हणजे त्यांचा साडू.

लग्नानंतर तीन वर्षं मास्तर सासरचे एकुलते एक जावई होते. ते आले की सासरे आपली हातांची खुर्ची सोडून उठत. सासूबाई त्यांना 'जावईबापू, तुम्हाला काय वाटतं?' असं विचारत आणि ते उत्तर देईपर्यंत बाकीचे गप्प बसत. घरी त्यांचं मत कुणी विचारत नसे, कामावर ते फुंकायला लावण्यापुरतं होतं. त्या खुर्चीत बसलं की मात्र त्यांना आपण कुणीतरी आहोत असं वाटे. मग मेहुणीचं लग्न झालं आणि धाकटे जावई घरात आले. आले ते दारात डोकं वाकवून, कारण ते दारापेक्षा उंच होते.

साडू फर्निचर बनवणारा. त्याचा स्वतःचा कारखाना होता, हाताखाली नऊ-दहा माणसं. खांदे असे, की त्याच्यामागे उभं राहिलं तर ऊन लागू नये. हसला की घरातली भांडी वाजत. पहिल्याच वर्षी त्यानं सासऱ्यांना स्वतःच्या हातचं कपाट दिलं आणि हमाल येईनात म्हणून ते एकट्यानं पाठीवर घेऊन तीन मजले चढून आला. वर पोचून कपाट ठेवलं, घाम पुसला आणि विचारलं, "कुठं ठेवू, आई?" सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग शेजारणीला म्हणाल्या, "छाती असावी तर अशी!"

मास्तर तेव्हा सासऱ्यांच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी खाली वाकून आपल्या शर्टाच्या गुंड्या पाहिल्या. ते वाक्य त्यांना जे लागलं, ते लागलंच.

त्या दिवसापासून ते साडूला पाण्यात पाहू लागले. मुलांच्या वाढदिवसाला फुगे साडूनं फुगवायचे, एका दमात एक. मास्तर एक फुगा घेऊन कोपऱ्यात उभे, अर्धाच फुगलेला, तोंड लाल. "द्या इकडे, साडूभाऊ," म्हणत तो मोकळेपणानं हात पुढे करी आणि तो मोकळेपणाच मास्तरांच्या डोळ्यांत खुपे. माणूस उर्मट असता तर सोय होती. हा सगळ्यांशी चांगला वागायचा. त्याला नावं ठेवायला जागाच नसे, म्हणून मास्तर त्याच्या चांगुलपणालाच नावं ठेवत. "दिखाऊपणा सगळा," ते घरी आल्यावर म्हणत. बायको म्हणे, "बरं." सगळे एकमेकांना अरे-तुरे करू लागले तरी मास्तर साडूला 'तुम्ही'च म्हणत राहिले. त्याला वाटे, केवढा हा मान!

अशी वर्षं गेली. मग संस्थेच्या डॉक्टरीणबाईंनी नवीन अभ्यास काढला. विषय होता लाकडाच्या कारखान्यांतली बारीक धूळ. बाईंचं म्हणणं साधं होतं. डोळ्याला दिसतो तो भुसा बरा, त्याला नाक अडवतं, शिंक बाहेर टाकते. जी धूळ दिसतच नाही, केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक, ती कुणाला न विचारता थेट छातीच्या तळाशी जाऊन बसते आणि वर्षानुवर्षं तिथंच राहते. ही धूळ मोजायची, ती ज्यांच्या अंगावर पडते त्यांचा श्वास मोजायचा, आणि दोहोंचा मेळ घालायचा. अडचण एवढीच, की कुणी कारखानदार दारात उभं करीना. उद्या यांनी काहीतरी वाईट लिहिलं तर?

हे मास्तरांच्या बायकोनं बहिणीला सांगितलं, बहिणीनं नवऱ्याला. दुसऱ्या दिवशी साडू स्वतः संस्थेत हजर. "बाई, माझ्याकडे या की. आपल्या साडूभाऊंची संस्था म्हणजे आपलीच." बाई खूश. आठवड्यात त्यानं धुळीचे पंप ठेवायला एक सुरेख लाकडी पेटी करून पाठवली, आत प्रत्येक पंपाला मऊ कापडाचा कप्पा. बाई ती पेटी येईल त्याला दाखवू लागल्या. "मास्तर, तुमचे साडू म्हणजे हिरा आहेत हो!"

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. सासर गेलं होतं, आता ऑफिसही गेलं. त्यांनी त्या पेटीला शेवटपर्यंत हात लावला नाही. पंप पिशवीतून नेले.

कारखान्यात काम सुरू झालं. कामगारांच्या कमरेला छोटा पंप, तिथून वर आलेली नळी, आणि कॉलरपाशी डबीत बसवलेला पांढरा फिल्टर. माणूस नाकानं ओढतो तीच हवा फिल्टर दिवसभर ओढणार. संध्याकाळी तो फिल्टर पिवळट करडा होऊन निघे. प्लाय घासणाऱ्या यंत्रापाशी उभं राहणाऱ्यांचा तर इतका, की बाईंनी तो उजेडात धरला आणि काही न बोलता डबीत परत ठेवला. घासायला मुख्यतः मालक स्वतः उभा राही. "शेवटचा हात माझाच पाहिजे," तो म्हणे. "त्याशिवाय मला माल पाठवावासा वाटत नाही."

श्वास मोजायला मास्तरांनी ऑफिसच्या खोलीत यंत्र मांडलं. एकेक कामगार येऊन फुंकून गेला. कुणाची रेघ बरी, बऱ्याच जणांची उतरलेली. सगळ्यांत शेवटी साडू आला. दाराशी कामगार गंमत बघायला जमले.

"मास्तर, यंत्र सांभाळा," एक जण ओरडला. "मालक फुंकले तर भिंतीपलीकडं जाईल."

मास्तरांनी नाकाला चिमटा लावला, जरा घट्टच लावला. नळी दिली. "फुंका!"

साडूनं फुंकलं. पडद्यावर रेघ झटक्यात वर गेली आणि तशीच कोसळली. मग एखाद्या म्हाताऱ्या माणसानं जिना चढावा तशी सरपटत राहिली. आकडा आला तो अशक्त बाईलाही कमी म्हणावा असा.

मास्तरांनी आकडा पाहिला आणि त्यांना राग आला. इतक्या वर्षांत ही छाती कशी आहे ते त्यांनी रोज जळून जळून पाहिलं होतं. तीन मजले कपाट वाहणारी छाती! आणि आज, नेमकी आपल्या यंत्रापुढे, हा माणूस नाटक करतो? लोकांसमोर आपली परीक्षा बघतो? "परत," ते म्हणाले. परत तेच. "परत!" परत तेच. तिसऱ्यांदा नळी काढल्यावर साडू बराच वेळ खोकला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि हसून म्हणाला, "मिशी मध्ये येते बहुतेक."

बाहेर हशा पिकला. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याच वेळी, खरं सांगायचं तर, त्यांना बरंही वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस त्यांच्यापुढे खुर्चीत बसला होता, ते उभे होते, आणि अधिकार त्यांचा होता.

"नाटकं बंद करा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "घोड्यासारखी छाती आहे तुमची आणि फुंकता असे? मला शिकवू नका. तुम्हाला काही झालेलं नाही. उठा!"

साडू त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिला. "काही झालेलं नाही?"

"धडधाकट आहात. उगाच माझा वेळ घालवताय."

"बरं," साडू म्हणाला आणि उठला. जाताना त्यानं मास्तरांचा हात दाबला, याचा मास्तरांना अर्थ लागला नाही. त्यांनी तिन्ही श्वास बाद केले. कारण म्हणून लिहिलं, 'प्रयत्न अपुरा'. तिन्ही रेघा एकीवर एक ठेवल्या असत्या तर एकच दिसली असती इतक्या सारख्या होत्या. शाळकरी पोराला दिसलं असतं. पण कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच दिसतं.

साडूचं बघून आणखी काही कारखानदारांनी दार उघडलं आणि अभ्यास पुरा झाला. मोजलेल्या सगळ्या कारखान्यांत साडूच्या कारखान्याची धूळ सर्वांत जास्त निघाली. बाईंनी कामगारांना बोलावलं, कुणाला औषधं दिली, कुणाला घासायच्या कामावरून हलवायला लावलं. मग मास्तरांना विचारलं, "मालकांचं काय झालं? त्यांचा श्वास दिसत नाही यात."

"ते नीट फुंकतच नाहीत," मास्तर म्हणाले.

मास्तरांनीच म्हटल्यावर बाईंनी पुढं विचारलं नाही. घासणारे दोघे हलवल्यावर त्यांचंही काम मालकानं आपल्या अंगावर घेतलं. "मी धडधाकट आहे," तो म्हणे. धूळ ओढणारा मोठा पंखा बसवायचा होता, पण तो पुढच्या वर्षी बघू म्हणून राहिला.

वर्ष उलटून गेलं. सासऱ्यांनी घर बदललं. नवीन घर दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. सामान चढवायला दोन्ही जावई आले. मास्तर सवयीनं उशा आणि घड्याळं असलं सामान उचलत होते. एवढ्यात खालून साडूची हाक आली. "साडूभाऊ, पलंगाची एक बाजू धरता का?"

हे असं कधी झालं नव्हतं. मास्तर धावत खाली गेले. पुढची बाजू त्यांनी घेतली, मागची साडूनं. पहिल्या वळणावर साडू म्हणाला, "थांबू या जरा." दुसऱ्या वळणाआधी त्यानं पलंग खाली टेकवला आणि पायरीवर बसला. वरून सासूबाई डोकावल्या. "अगंबाई! धाकटे दमले वाटतं? आणि जावईबापू, तुम्ही ओढताय एवढं?"

काय वर्णावा तो क्षण! मास्तरांना वाटलं, आपल्याला आता आणखी दोन पलंग मिळाले पाहिजेत. ते सासूबाईंकडे बघून हसले, बाह्या सरसावल्या आणि पलंगाला हात घातला. आणि तेवढ्यात त्यांना मागून तो आवाज ऐकू आला.

साडू श्वास सोडत होता. बारीक शीळ घातल्यासारखा तो श्वास बाहेर येत होता, आणि संपत नव्हता. मास्तरांचा अख्खा जन्म हे ऐकण्यात गेला होता. हा दमलेल्या माणसाचा श्वास नव्हे. दमलेला माणूस भराभर घेतो आणि भराभर सोडतो. ही वाट बुजलेल्या छातीची हवा होती, आत भरपूर आणि बाहेर पडायला फट. मास्तर तिथंच वाकलेले राहिले. त्यांच्या डोळ्यांपुढे तीन रेघा आल्या, झटक्यात वर जाणाऱ्या, कोसळणाऱ्या, सरपटणाऱ्या. तिन्ही सारख्या.

"जावईबापू, येताय ना?" सासूबाईंनी विचारलं.

"पलंग राहू दे," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते साडूला संस्थेत घेऊन गेले. या वेळी ते ओरडले नाहीत, हळू आवाजात म्हणाले, "फुंका." साडूनं मनापासून फुंकलं. आकडा आणखी खाली गेला होता. बाई आल्या, त्यांनी नवीन रेघ पाहिली, मग जुन्या काढल्या. बराच वेळ बघितल्यावर त्या म्हणाल्या, "मास्तर, ह्या तर उत्तम आहेत. सुरुवात बघा किती जोरात आहे. चुकार माणूस असा सुटतो का? आणि तीनदा सारखं. तुम्ही बाद का केल्यात?"

मास्तर नाकाचा चिमटा पुसू लागले.

"तेव्हाच कळलं असतं तर हे धुळीतून बाहेर निघाले असते. गेलेली छाती परत येत नाही, तुम्हाला माहीत आहे. वर्षभर वाचलं असतं." बाई चिडल्या नव्हत्या, त्यांना खरंच समजत नव्हतं. "का केल्यात?"

"मला खरं वाटलं नाही," मास्तर म्हणाले.

बाई औषधं लिहायला गेल्या. बाहेरच्या बाकावर दोघे साडू बसले. समोर एक म्हातारा आपली पाळी येण्याची वाट बघत होता. मास्तरांना वाटलं, आता हा आपल्याला बोलेल. दोन थोबाडीत दिल्या तरी चालेल, पण बोलू दे.

"साडूभाऊ," साडू म्हणाला, "बाईंना मी कारखाना का मोकळा करून दिला, ठाऊक आहे? मला आधीच धाप लागायला लागली होती. हिला सांगितलं नव्हतं. दवाखान्याची भीती वाटते हो मला. म्हटलं, अनायासे साडूभाऊ येताहेत यंत्र घेऊन, आपलाच माणूस आहे, तो काय ते खरं सांगेल." तो थोडा थांबला, श्वास घेतला. "आणि तुम्ही म्हणालात, काही झालेलं नाही. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी शांत झोपलो."

मास्तर त्याच्याकडे वळले. "तुम्ही फुंकलं होतंत नीट," ते म्हणाले. "चूक माझी. मी तुमच्यावर जळत होतो. आज नाही, पहिल्यापासून. तुमची छाती खराब असेल हे मला बघवलंच नाही, कारण मग इतकी वर्षं मी जळलो कशावर?"

साडूला हसू आलं, ते हसू खोकल्यात गेलं, आणि खोकला थांबेपर्यंत त्यानं मास्तरांच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. "असू दे हो," तो म्हणाला. "म्हणजे तुम्हाला मी चांगलाच वाटत होतो की. चला, ही खाली उभी आहे, तिला सांगायला पाहिजे. तुम्ही येऊ नका, तुम्हाला बघून ती रडेल."

तो जिना उतरला, प्रत्येक पायरीवर टेकत. मास्तरांनी खिडकीतून पाहिलं. फाटकापाशी मेहुणी उभी होती. साडू तिला सांगत होता, ती डोळ्याला पदर लावत होती आणि तो, ज्याची निम्मी छाती गेली होती तो, तिची समजूत घालत होता. मध्येच त्यानं वर खिडकीकडे बोट केलं. मास्तर मागे सरकले. त्यांना वाटलं, आता हा आपलं नाव सांगतोय. पण मेहुणीनं वर पाहिलं आणि हात जोडले. साडूभाऊंनीच ओळखलं, साडूभाऊंनीच आणलं, एवढंच त्यानं तिला सांगितलं असणार.

त्याच्या जागी आपण असतो तर जन्मभर या माणसाच्या दारात पाऊल टाकलं नसतं, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. आतून बाईंनी हाक मारली, म्हाताऱ्याची पाळी आली होती. मास्तर हलले नाहीत. साडूचा इतका हेवा त्यांना आजवर कधी वाटला नव्हता.